कागदावर पुरेशी झोप : स्पायटन डायव्हिल रेल्वे अपघाताचं प्रकरण

रविवार, १ डिसेंबर २०१३. थँक्सगिव्हिंगची सुट्टी संपत आली होती आणि माणसं न्यूयॉर्ककडे परतत होती. पोकिप्सीहून पहाटे ५ वाजून ५४ मिनिटांनी सुटलेली मेट्रो-नॉर्थ या उपनगरी रेल्वेची गाडी ७ वाजून ४३ मिनिटांनी ग्रँड सेंट्रल स्थानकात पोचायची होती. गाडीला सात डबे होते, त्यांना मागून ढकलणारं इंजिन होतं आणि चालक सर्वांत पुढच्या डब्यातल्या केबिनमध्ये बसला होता. ब्राँक्सच्या टोकाला, हार्लेम नदी आणि हडसन जिथे भेटतात तिथे, स्पायटन डायव्हिल स्थानकाजवळ रूळ एकदम डावीकडे वळतात. वळणाआधीच्या सरळ पट्ट्यात ताशी ७० मैलांची, म्हणजे सुमारे ११३ किलोमीटरची मुभा आहे. वळणावर फक्त ३० मैल, म्हणजे ४८ किलोमीटर. गाडी त्या वळणात शिरली तेव्हा तिचा वेग ८२ मैल होता, म्हणजे १३२ किलोमीटर.

सातही डबे आणि इंजिन रुळांवरून उतरलं. पुढचा डबा नदीच्या पाण्यापासून थोड्याच अंतरावर थांबला. चार प्रवासी मृत्युमुखी पडले, निदान ६१ जण जखमी झाले. ते चौघेही खिडक्यांच्या काचा निखळल्यामुळे डब्याबाहेर फेकले गेले होते.

चौकशी अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाकडे, म्हणजे एनटीएसबीकडे गेली. अशा वेळी पहिला संशय यंत्रावर जातो. पण वाटेतल्या स्थानकांवर गाडी व्यवस्थित थांबत आली होती. ब्रेकमध्ये दोष नव्हता, रूळ आणि सिग्नल ठीक होते. चालक फोनवर बोलत नव्हता. दारू किंवा अमली पदार्थांचा मागमूस लागला नाही. गाडीतल्या नोंदयंत्राने सांगितलं ते इतकंच, की गाडी थांबण्याच्या अवघी सहा सेकंद आधी चालकाने इंजिनाची शक्ती तोडली आणि पाठोपाठ ब्रेक पूर्ण लावला. चालकाच्या सांगण्यानुसार, समोरच्या रुळांकडे बघता बघता तो कसल्याशा गुंगीत गेला आणि काहीतरी बिनसलंय हे जाणवलं तेव्हा त्याचा हात ब्रेककडे गेला.

मग तो झोपला होता का? आणि झोपला असेल, तर का?

या प्रश्नापाशी हे प्रकरण वेगळं वळण घेतं. चौकशीच्या पहिल्याच आठवड्यात मंडळाने पत्रकारांना सांगितलं होतं, की या माणसाला पुरेशी झोप घ्यायला वेळ मिळाला होता असंच नोंदींवरून दिसतं. ड्युटीचे तास नियमात होते, मधली सुट्टी नियमात होती. कागदावर पाहिलं तर आदल्या रात्री तो नीट झोपून कामावर आला होता. अपघातानंतर त्याची झोपेची तपासणी झाली तेव्हा निदान निघालं : तीव्र ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया. झोपेत घशाची वाट पुन्हा पुन्हा बंद होऊन श्वास थांबत राहण्याचा हा आजार. तो त्याला असल्याचं तोवर कुणालाच माहीत नव्हतं, त्याला स्वतःलाही नाही.

त्या रात्रींमध्ये काय घडत होतं

मऊ टाळूपासून स्वरयंत्रापर्यंतच्या पट्ट्यात घशाला ताठ भिंत नसते. ती वाट स्नायूंनी उघडी धरलेली असते. झोप लागली की स्नायू सैलावतात. मान जाड असेल, जबडा मागे असेल, जीभ मोठी असेल, टॉन्सिल वाढलेले असतील, तर सैलावलेली वाट अरुंद होते. हवा त्या फटीतून जाताना आजूबाजूचा मऊ भाग थरथरतो, तेच घोरणं. वाट पूर्ण मिटली की घोरणंही थांबतं. छाती आणि पोट श्वास ओढायचा प्रयत्न करत राहतात, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरू लागतो. मेंदू धोका ओळखतो आणि झोपलेल्याला काही सेकंदांपुरता अर्धवट जागा करतो. स्नायू ताठ होतात, मोठ्ठा हुंदका किंवा गुदमरल्यासारखा आवाज येतो, श्वास सुरू होतो आणि माणूस परत झोपतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही.

असा श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ थांबला किंवा फार उथळ झाला, की ती एक घटना धरतात. तासाला पाचपेक्षा कमी घटना असतील तर काळजी नाही. ५ ते १५ म्हणजे सौम्य आजार, १५ ते ३० मध्यम आणि ३० किंवा अधिक असतील तर तीव्र. तीव्र आजाराच्या अगदी उंबरठ्यावरचा माणूस घेतला तरी दर दोन मिनिटांनी एक घटना होते. सात तासांच्या रात्रीत दोनशे दहा वेळा मेंदूला उठून श्वास चालू करून द्यावा लागतो. घड्याळ सात तास दाखवतं, पण गाढ झोपेत उतरण्याआधीच माणूस पुन्हा पुन्हा वर खेचला जातो.

आपल्याकडे मोठ्याने घोरणाऱ्याबद्दल ‘काय गाढ झोपलाय बघा’ असं म्हटलं जातं. घरात त्याच्या नावावर कुंभकर्णाचे विनोद होतात आणि पाहुण्यांच्या घरी त्याची गादी बाहेरच्या खोलीत टाकली जाते. घोरणारा प्रत्येक जण आजारी नसतो, हे खरं. पण घोरणं मध्येच बंद पडतं, काही क्षण शांतता होते आणि मग दचकल्यासारखा श्वास येतो, हे चक्र ज्याच्या बाबतीत चालू आहे त्याला गाढ झोप मिळतच नाही. ही शांतता शेजारी झोपणाऱ्यालाच ऐकू येते. म्हणून या आजारात रुग्णापेक्षा त्याच्या बायकोचं किंवा नवऱ्याचं सांगणं डॉक्टरांना जास्त उपयोगी पडतं.

पाळी बदलली होती

चालक बरीच वर्षं उशिराच्या पाळीत काम करत होता, संध्याकाळी सुरू होऊन मध्यरात्रीपुढे जाणाऱ्या. अपघाताच्या दोनच आठवडे आधी त्याला पहाटेची पाळी मिळाली. ज्या सुमारास तो आधी अंथरुणाला पाठ टेकत असे, जवळपास त्याच सुमारास आता उठायचं होतं.

मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये, शरीराचं मुख्य घड्याळ आहे. डोळ्यांवाटे येणाऱ्या प्रकाशावर ते रोज जुळवून घेतं. शरीराचं तापमान कधी उतरायचं, मेलाटोनिन हे झोपेची वेळ सांगणारं संप्रेरक कधी स्रवायचं, झोपेची ओढ कधी वाढायची, हे त्या घड्याळाच्या हिशोबाने चालतं. हे घड्याळ दिवसाला ढोबळमानाने तासभरच सरकतं. त्यातही झोपेची वेळ पुढे ढकलणं सोपं आणि मागे ओढणं अवघड. पाळी एका आठवड्याच्या कागदावर बदलता येते, शरीर तितक्या वेगाने बदलत नाही. सुट्टीच्या दिवशी घरच्यांबरोबर जुन्या वेळेला जागलं, की जमलेलं गणित पुन्हा मोडतं. रात्रपाळी करणाऱ्या कुठल्याही नर्सला, गिरणी कामगाराला किंवा कॉल सेंटरमधल्या मुलीला हे समजावून सांगावं लागणार नाही.

म्हणजे दोन गोष्टी एकत्र आल्या. रोजची झोप आधीच तुकड्यातुकड्यांची होती आणि ती आता शरीराला नको त्या वेळी घ्यावी लागत होती. मंडळाने ऑक्टोबर २०१४ मध्ये जाहीर केलेल्या निष्कर्षात नेमकं हेच आहे : निदान न झालेल्या तीव्र स्लीप ॲप्नियामुळे चालकाला झोप लागली आणि नुकत्याच बदललेल्या पाळीने तो त्रास आणखी वाढवला. अशा वेळी येणारी डुलकी काही सेकंदांची असते आणि ती आली हे कळतही नाही. डोळे उघडे असू शकतात. ८२ मैलांच्या वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ३७ मीटर पुढे जाते.

गाडीत यावर काही उपाय नव्हता का? पुढच्या केबिनमध्ये पायाखाली पेडल होतं, पाय उचलला तर ब्रेक लागणारं. पण झोपलेल्या माणसाच्या पायाचं वजन पेडलवर राहू शकतं. काही वेळ हालचाल झाली नाही तर भोंगा वाजवून चालकाला जागं करणारी यंत्रणा मागच्या इंजिनात होती, पुढच्या केबिनमध्ये नव्हती. वेग ओलांडल्यास गाडी आपोआप थांबवणारी पॉझिटिव्ह ट्रेन कंट्रोल ही प्रणाली बसवण्याचा कायदा २००८ मध्येच झाला होता, या मार्गावर ती अजून यायची होती.

ज्यांनी तपासलं, त्यांनी झोपेबद्दल विचारलं नाही

अहवालातला हा भाग मला सगळ्यांत जास्त खुपतो. चालकाकडे धोक्याच्या खुणा होत्या आणि त्या लपलेल्या नव्हत्या. पुरुष, लठ्ठपणा, घोरणं, थकव्याची तक्रार, दिवसा पेंग येणं. तो स्वतःच्या डॉक्टरांकडे जात होता, रेल्वेच्या नोकरीतल्या वैद्यकीय तपासण्याही होत होत्या. तरी दोन्हींपैकी कुठेही झोपेच्या आजाराची शंका घेतली गेली नाही. मंडळाने म्हणूनच, असे आजार शोधण्याचं धोरण रेल्वेकडे नव्हतं आणि सरकारचा तसा नियमही नव्हता, हे अपघाताला हातभार लावणारं कारण म्हणून नोंदवलं.

नोकरीच्या तपासणीत काय होतं ते आपल्यालाही माहीत आहे. डोळे, कान, रक्तदाब, साखर, ईसीजी. ‘झोप कशी लागते?’ हा प्रश्न विचारलाच गेला तर उत्तर ठरलेलं असतं : ‘छान, पडल्या पडल्या लागते.’ उत्तर प्रामाणिक असतं आणि तरीही फसवं. पडल्या पडल्या झोप लागणं हे अनेकदा झोपेची उधारी साचल्याचं लक्षण असतं. शिवाय ज्याच्या पोटापाण्याचं साधन गाडी चालवणं आहे, तो निदानाला घाबरतो. आजार निघाला तर स्टिअरिंग जाईल, ही भीती खोटी नाही. ‘उपचार घे आणि कामावर ये’ अशी हमी मिळाल्याशिवाय कुणीही खरं बोलणार नाही.

प्रश्न मात्र अवघड नाहीत. टोरांटोच्या डॉक्टरांनी २००८ मध्ये मांडलेली स्टॉप-बँग ही प्रश्नावली आठ मुद्द्यांची आहे : मोठ्याने घोरणं, दिवसाचा थकवा, श्वास थांबल्याचं कुणी पाहिलं आहे का, रक्तदाब, वजन, वय, मानेचा घेर आणि लिंग. ती निदान करत नाही, पण कुणाला पुढच्या तपासणीला पाठवायचं ते ठरवायला पुरते. एक गोष्ट आपल्या लोकांसाठी वेगळी सांगायला हवी. आशियाई माणसांत चेहऱ्याच्या आणि जबड्याच्या ठेवणीमुळे फारसं वजन नसतानाही हा आजार दिसतो. ‘मी कुठे जाडा आहे?’ म्हणून सोडून देऊ नये. बायकांमध्ये तर घोरण्याऐवजी थकवा, सकाळची डोकेदुखी, मधूनमधून जाग येणं अशा तक्रारी पुढे येतात, मग रक्तातलं लोह आणि पाळी जाण्याचं वय यांच्यावर सगळं खापर फुटतं.

पेंगेची दुसरी कारणं

दिवसा झोप येणाऱ्या प्रत्येकाला ॲप्नियाच असतो असं नाही. निद्रानाशाचा रुग्ण अगदी उलटा दिसतो. त्याला आपली झोप बिघडल्याचं पुरेपूर माहीत असतं, तो घड्याळाकडे बघत पडलेला असतो. आठवड्यातून तीन रात्री आणि तीन महिन्यांहून जास्त असं चाललं तर तो दीर्घकालीन निद्रानाश. त्यावर पहिला उपाय गोळी नाही, झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलच्या धास्तीवर काम करणारी वर्तनोपचार पद्धत आहे. पाय वळवळण्याच्या आजारात रात्री अंथरुणात पडलं की पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही, तिथे शरीरातल्या लोहाचा साठा तपासतात. नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याचा आजार, दुर्मीळ. तिच्या एका प्रकारात जागं ठेवणारं ओरेक्सिन हे रसायन बनवणाऱ्या मेंदूतल्या पेशी नष्ट झालेल्या असतात आणि खळखळून हसतानाही गुडघे अचानक लटके पडतात. स्पायटन डायव्हिलच्या चालकाच्या बाबतीत प्रयोगशाळेतल्या तपासणीने शंका मिटवली.

अपघात झाला नसता तर

समजा त्या दिवशी गाडी सुखरूप पोचली असती. तरी आजाराचं काम शरीरात चालूच राहिलं असतं. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत दहा ते वीस टक्के उतरतो, हृदयाला तेवढाच विसावा. ॲप्नियामध्ये प्रत्येक गुदमरण्यासरशी ॲड्रेनलिनचा लोंढा येतो, दाब उसळतो आणि रात्रीचा उतार नाहीसा होतो. हळूहळू दिवसाचा दाबही वाढतो. तीन-तीन गोळ्या घेऊनही रक्तदाब आटोक्यात न येणाऱ्या रुग्णांत हा आजार शोधायचा असतो तो यासाठी. हृदयाची लय बिघडणं, पक्षाघात, इन्सुलिनला शरीराने दाद न देणं, चिडचिड, विसरभोळेपणा, कामेच्छा कमी होणं, हे सगळं त्याच्याशी जोडलेलं आढळतं. रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं हेही. बंद घशाविरुद्ध श्वास ओढताना छातीत जो ताण येतो, त्याने हृदयाचा वरचा कप्पा ताणला जातो आणि लघवी वाढवणारं संप्रेरक सुटतं. साठीच्या माणसाला प्रोस्टेटच्या गोळ्या सुरू होतात, घशाकडे कुणी बघत नाही.

मंगळूरची आठवण

हे प्रकरण वाचताना २२ मे २०१०ची पहाट आठवल्याशिवाय राहत नाही. दुबईहून मंगळूरला आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं आयएक्स-८१२ हे विमान टेबलटॉप, म्हणजे टेकडीच्या सपाट माथ्यावरच्या, धावपट्टीवरून पुढे घसरून दरीत कोसळलं. १६६ पैकी १५८ जणांचा मृत्यू झाला. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी समितीने कॉकपिटमधलं ध्वनिमुद्रण ऐकलं. दोन तास पाच मिनिटांच्या त्या मुद्रणात पहिला एक तास चाळीस मिनिटं वैमानिक झोपलेला होता आणि घोरण्याचे आवाज त्यात नोंदले गेले होते. सहवैमानिकाने तीनदा ‘गो अराउंड’ची, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चढण्याची, सूचना दिली, तरी उतरण्याचा प्रयत्न सुटला नाही, हे समितीने मुख्य कारण मानलं. दीर्घ झोपेतून नुकतंच उठल्यावर मेंदूवर जी जडता राहते तिने निर्णयशक्ती मंदावली असावी, आणि पहाटेच्या त्या वेळी शरीराचं घड्याळही तळाला असतं, असंही नोंदवलं.

ही दोन प्रकरणं एक नाहीत. घोरण्याच्या आवाजावरून मी त्या वैमानिकाला ॲप्निया होता असं म्हणणार नाही, तसं म्हणायला आधार नाही. पण एक वाक्य दोन्ही चौकशांमध्ये सापडतं : विश्रांतीसाठी पुरेसा वेळ उपलब्ध होता. ड्युटीचे नियम अंथरुणासाठी मोकळे सोडलेले तास मोजतात. त्या तासांत झोप कशी झाली हे त्यांना मोजता येत नाही.

पुढे काय झालं

मेट्रो-नॉर्थने नंतर आपल्या चालकांची तपासणी सुरू केली. त्यात ११.६ टक्के चालकांना स्लीप ॲप्निया निघाला, म्हणजे जवळपास नऊ जणांत एक. हे सगळे रोज गाड्या चालवत होते. २९ सप्टेंबर २०१६ रोजी न्यू जर्सीतल्या होबोकन स्थानकात गाडी रुळांच्या टोकाचा बफर, म्हणजे अडथळा, तोडून फलाटावर घुसली, एका बाईंचा जीव गेला. ४ जानेवारी २०१७ रोजी ब्रुकलिनच्या अटलांटिक टर्मिनलला तसंच घडलं. दोन्ही चालकांना तीव्र ॲप्निया होता आणि दोन्ही वेळा तो अपघातानंतर उघड झाला. अमेरिकी सरकारने २०१६ मध्ये रेल्वे आणि ट्रकचालकांच्या सक्तीच्या तपासणीचा विचार सुरू केला होता. ऑगस्ट २०१७ मध्ये तो मागे घेतला. होबोकनला वर्षही झालं नव्हतं. हा निर्णय चुकीचा होता असं मला ठामपणे वाटतं.

उपचार काही नवे नाहीत. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये नाकावाटे सतत हलक्या दाबाची हवा देऊन घसा उघडा ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तेच सीपॅप. रात्री मास्क लावायचा, यंत्र हवा देत राहतं, वाट मिटत नाही. दिवसाची पेंग यामुळे ठळकपणे कमी होते, कित्येकदा पहिल्या काही दिवसांत. हृदयविकाराबद्दल मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. आधीपासून हृदय किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्यांवर केलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सीपॅपने झटके आणि पक्षाघात कमी झाले नाहीत. पण त्या चाचणीत लोकांनी मास्क रात्री सरासरी ३.३ तासच लावला होता. वजन उतरवणं, कुशीवर झोपणं, रात्रीची दारू सोडणं यांचा खरोखर फरक पडतो. सौम्य आजारात खालचा जबडा पुढे धरणारं दातांचं साधन चालतं. डिसेंबर २०२४ मध्ये टिर्झेपॅटाइड या वजन घटवणाऱ्या इंजेक्शनला लठ्ठपणा असलेल्या मध्यम व तीव्र ॲप्नियासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली.

घरात असं कुणी असेल तर कान-नाक-घसा किंवा छातीविकार तज्ज्ञांकडे जाताना शेजारी झोपणाऱ्याने बरोबर जावं आणि फोनवर दोन-चार मिनिटांचं रेकॉर्डिंग न्यावं, श्वास थांबण्याची ती शांतता धरून. ‘झोप येत नाही’ म्हणून परस्पर झोपेच्या गोळ्या घेऊ नयेत, काही गोळ्यांनी घशाचे स्नायू आणखी सैल पडतात. आजाराचा दाट संशय असेल तर तपासणी आता घरच्या घरीही होते, बोटाला आणि नाकाशी बारीक संवेदक लावून. सीपॅप मिळालं तर पहिले दोन-तीन आठवडे मास्क टोचेल, नाक कोरडं पडेल, तो काढून फेकावासा वाटेल. त्या काळात मास्कचा आकार बदलून बघावा, हवा दमट करणारा भाग जोडून घ्यावा आणि डॉक्टरांना पुन्हा भेटावं. दिवसाची पेंग जाईपर्यंत गाडी दुसऱ्याला चालवू द्यावी.